पेटी आली का?

खामगावहून येणारी दुपारची एसटी उंद्रीच्या थांब्यावर उभी राहिली, की आम्ही पोरं आधी टपाकडे बघायचो. गाडीतून कोण उतरलं, कोणाचा मामा आला, कोणाची बहीण दिवाळीला माहेरी आली, हे सगळं नंतर. टपावर भाजीच्या डाली असत, सायकली असत, विळ्या-फाळांचं गाठोडं असे. त्यात पत्र्याच्या दोन पेट्या दिसल्या, की ज्याला आधी दिसल्या तो बोंब ठोकायचा, “पेटी आली रे!” मग ती बोंब थांब्यावरून पारापर्यंत, पारापासून मारोतीच्या देवळापर्यंत आणि तिथून विहिरीवरच्या बायांपर्यंत जायची. संध्याकाळी गावात कोणीही कोणाला भेटलं तरी पहिला प्रश्न एकच, “आली का पेटी? कोनाची हाय?”

पेटी म्हणजे सिनेमा. सिनेमाची रिळं पत्र्याच्या गोल डब्यांत आणि ते डबे कडी-कुलपाच्या पेटीत. पेटीवर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलेलं असायचं, पण प्रवासात ते अर्धं खरवडून जायचं आणि राहिलेल्या अक्षरांवरून आम्ही नाव ओळखायचो. पेटी निघायची अमरावतीहून. सिनेमाच्या धंद्यात आमचा सगळा मुलूख ‘सी.पी. बेरार’ म्हणून ओळखला जायचा. इंग्रज गेले, मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी कागदांवरून गेलं, आम्ही महाराष्ट्रात आलो, तरी वितरकांच्या वहीत आम्ही सी.पी. बेरारमधेच राहिलो. वितरकांच्या कचेऱ्या अमरावतीला आणि भुसावळला. मोठ्या गावच्या टॉकीजांत सिनेमा चालून चालून शिळा झाला, की मग त्याची पेटी तालुक्याला, आणि तालुक्याचं मन भरलं की आमच्या तंबूला. मुंबईत ज्याचे रौप्यमहोत्सव होऊन गेलेले असत, तो सिनेमा उंद्रीला दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी पोचायचा. आम्हाला तो नवाच असायचा. भोंग्यावर सांगायचेही तसंच, “आपल्या गावात प्रथमच!”

आमचं गाव चिखली तालुक्यातलं, चिखली-खामगाव रस्त्यावरचं. बुलडाणा जिल्ह्यात माणूस भेटला की घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. चिखली घाटावर, खामगाव घाटाखाली, आणि आमचा सारा व्यवहार या दोन गावांमधे वाटलेला. कचेरीचं काम चिखलीला, कापूस-सरकी, चांदीचा डाग, नवं लुगडं खामगावला. देवाला अमडापूरची बल्लाळदेवी. काळी जमीन, कपाशी, ज्वारी, तूर. दिवाळी झाली, वेचणी संपत आली आणि कापसाचे चुकारे हातात पडायला लागले, की टुरिंग टॉकीजवाल्याला ते कसं कळायचं कोण जाणे, पण त्याचा ट्रक गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर येऊन उभा राहायचा. दोन दिवसांत तंबू उभा. दोन लाकडी खांबांच्या मधे पांढरा पडदा, मागं मशीनची पत्र्याची खोली, त्याच्याही मागं धडधडणारं जनरेटर. मधोमध दोर बांधून त्यावर कापड टाकलेलं, एकीकडे बाया, एकीकडे माणसं. खाली बसायचे आठ आणे. मागच्या चार ओळी लोखंडी खुर्च्यांच्या, त्यांचा रुपया. खाली बसणारांनी आपलं पोतं आपण आणायचं. संध्याकाळी सहाला भोंग्यावर गणपतीची गाणी लागायची, ती शेतातून घरी येणाऱ्या बंड्यांपर्यंत ऐकू जायची आणि बैलसुद्धा पाय उचलायचे, असं माझे बाबा सांगायचे.

मशीन एकच. मोठ्या टॉकीजमधे दोन असत. एकाचं रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा, बघणाराला पत्ता लागत नसे. आमच्याकडं तसं नव्हतं. एका रिळात हजार फूट फिल्म, मिनिटाला नव्वद फूट सरकते, म्हणजे अकरा मिनिटांचा खेळ. ऑपरेटर दोन रिळं जोडून घ्यायचा. तेव्हा दर वीस-बावीस मिनिटांनी पडदा पांढरा व्हायचा, कंदील वर यायचा आणि तंबूत एकदम गलका सुरू व्हायचा. नायक नायिकेच्या दारात उभा आहे तिथंच रीळ संपलेलं असायचं. त्या दोन-चार मिनिटांत बाया शेंगांच्या गाठी सोडायच्या. बारा वर्षांखालच्या पोरांना बायांकडं बसू द्यायचे, म्हणून मी मायजवळ. रीळ संपलं की तिचा हात ओटीत जायचा आणि भाजलेल्या शेंगांची एक मूठ माझ्या हातावर यायची. आजही कुठं अचानक लाइट गेली, की पहिल्या क्षणाला मला भाजक्या शेंगांचा वास येतो.

मला सांगायचंय ते १९७४च्या जानेवारीतल्या एका रात्रीबद्दल. त्याआधी बहात्तर सांगावं लागेल.

बहात्तरच्या दुष्काळाबद्दल आमच्या वयाच्या माणसाला विचारलं, तर तो तारीख-वार सांगत नाही, तो सांगतो काय खाल्लं. लाल मिलो खाल्ला. सुकडी खाल्ली. आमच्या घरी त्या वर्षी पेरलेलं उगवलं, हातभर झालं आणि वाळून गेलं. विहिरीचा तळ दिसला. बाबांनी बैलजोडी बाजारात नेली आणि मिळेल त्या भावाला देऊन दावी तेवढी खांद्यावर टाकून पायी परत आले. माय आणि बाबा दोघं दुष्काळी कामावर जायचे, रस्त्याची खडी फोडायला. मायचा उजवा हात संध्याकाळी वळायचा नाही, ती डाव्या हातानं भाकर थापायची. त्याच वर्षी माझी आठ महिन्यांची बहीण गेली. मायनं फार आकांत केला नाही. ती फक्त बोलायची कमी झाली. आधी जात्यावर गायची, तेही थांबलं. मी दहा वर्षांचा होतो, मला वाटलं मोठं झालं की बाया अशाच होतात.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. कपाशी बरी आली. कापूस एकाधिकार योजना नवीन होती, चुकारे हप्त्या-हप्त्यानं मिळायचे, पण मिळायचे. आणि दिवाळीनंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा तंबू लागला. त्या आधीच्या साली टॉकीजवाला फिरकलाच नव्हता. फिरकून करणार काय, आठ आणे होते कोणाजवळ?

पेटी आली ‘सोंगाड्या’ची.

१९७१चा सिनेमा, वाजत-गाजत आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्याची रिळं पार घासून गेली होती. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा. घासलेल्या फिल्मला आमच्याकडे असंच म्हणतात, पाऊस पडतो. पहिल्या दहा मिनिटांतच कोणीतरी माणसांच्या बाजूनं ओरडलं, “बरा पाऊस हाय राजेहो!” आणि दुष्काळातून उठलेला तंबू खळाळून हसला. मग नाम्या आला. ढगळी अर्धी चड्डी, तिची खाली लोंबणारी नाडी, बावळा चेहरा आणि तोंडात सारखं “आये, आये”. आमच्या गावात आये म्हणत नाहीत, माय म्हणतात. पण त्या हाकेत असं काही होतं की बाया पहिल्याच हाकेला पाघळल्या.

गोष्ट साधीच. खेड्यातलं एक भोळं, आईच्या धाकातलं पोरगं. आई कडक. पोरगं मित्रांच्या नादानं चोरून तमाशा बघायला जातं, बघता बघता स्वतःच खेळात ओढलं जातं. आई त्याला घराबाहेर काढते. तमासगिरीण त्याला आसरा देते आणि ते पोरगं सोंगाड्या होतं. दादा कोंडके नाम्या, उषा चव्हाण तमासगिरीण, आणि आये म्हणजे रत्नमाला. कथा-संवाद वसंत सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. ही नावं मला अर्थातच नंतर कळली.

त्या रात्री मला कळलं ते एवढंच, की अंधारात माझ्या शेजारी कोणीतरी बाई हसतेय. आधी दबून, तोंडात पदर कोंबून, मग पदरही आवरेना असं. मी वळून पाहिलं. कोण हसतंय ते बघायला पाहिलं, कारण तो आवाज मला ओळखू आला नव्हता. पडद्याच्या उजेडात मायचा चेहरा दिसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. मी पडद्याकडं बघायचं सोडून तिच्याकडंच बघत राहिलो. रीळ संपलं, कंदील वर आला, तिनं डोळे पुसले, ओटीत हात घातला आणि शेंगा दिल्या. रोजच्यासारख्या.

परतताना चांदणं होतं. बाबा नाम्याच्या नकला करत पुढं चालले होते. माय बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “त्या माउलीचं काई चुकलं नाई. एकटीनं पोरगं वाढवाचं म्हनजे हात जड ठेवा लागते.” सगळा तंबू नाम्याच्या बाजूनं होता. माझी माय रत्नमालाबाईंच्या बाजूनं होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर तिचा आवाज आला. किती महिन्यांनी आला ते मी मोजलेलं नाही.

तंबू तीन दिवस ‘सोंगाड्या’वर राहिला आणि तिन्ही दिवस मी मशीनच्या खोलीभोवती घुटमळत होतो. ऑपरेटर नगरकडचे होते. कार्बनच्या कांड्या दोन टोकांकडून जवळ आणून ते प्रकाश पेटवायचे, तेव्हा त्यांचा चेहरा निळा दिसायचा. त्यांना मी मामा म्हणायचो. नावांच्या पाटीत एक शब्द मला कळला नव्हता, तो त्यांना विचारला. “मामा, निर्माता म्हंजे कोण?” मामांनी कांडी सरकवत सांगितलं, “ज्यानं पदरचे पैसे लावले, तो.” “आन या सिनेमाले कोनं लावले?” “ह्यानंच की. ह्या चड्डीवाल्यानं.”

हे मला खरंच वाटेना. लोंबत्या नाडीचा नाम्या आणि पैसे लावणारा माणूस, दोघं एकच? आमच्याकडं पैसे लावणारा माणूस म्हणजे सावकार, धोतराचा सोगा हातात धरून चालणारा. तेव्हापासून दादा कोंडके या माणसाबद्दल जे जे वाचायला मिळालं ते मी वाचत आलो. बघणारे त्यांना विनोदी नट म्हणून लक्षात ठेवतात. माझ्या लेखी ते आधी निर्माते.

कृष्णा कोंडके. जन्म ८ ऑगस्ट १९३२चा, मुंबईच्या गिरणगावातला, नायगावच्या चाळीतला. घराणं मूळचं भोरकडचं. गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा बँडमधे वाजवायचा, पुढं ‘अपना बाजार’मधे नोकरी करायचा आणि सेवा दलाच्या कलापथकात काम करायचा. तरुणपणी थोड्या काळात जवळची बरीच माणसं गेली. त्या दुःखातून वर येताना त्यांनी ठरवलं, की लोकांना हसवायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि मला तंबूतली माय आठवली. हसवणारा आणि हसणारी, दोघांच्याही मागं घरातली माणसं गेलेली होती.

१९६५ला वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं आणि दादांचं नाव झालं. लोकनाट्याचा ढाचा जुना, पण बोलणं आजचं. दादा रोज त्यात ताज्या राजकारणावरचं काही घालायचे, त्यामुळे तोच प्रयोग लोक परत परत बघायचे. दीड हजारांवर प्रयोग झाले. आशा भोसल्यांनी ते पाहिलं आणि दादांचं नाव भालजी पेंढारकरांना सुचवलं. भालजींच्या ‘तांबडी माती’त १९६९ला दादा पहिल्यांदा पडद्यावर आले. सिनेमा काढायचं धाडस केलं तेही भालजींच्या आधारावर. कोल्हापूरच्या त्या म्हाताऱ्या जाणत्यानं नाटकातल्या या सोंगाड्यामधे निर्माता ओळखला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

तेव्हा मराठी सिनेमा काढणं म्हणजे काय होतं? मुंबईत मराठी सिनेमाला थिएटर मिळायची मारामार. ‘सोंगाड्या’ दादरच्या ‘कोहिनूर’मधे लागायचा होता, पण देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी तो बाजूला सारला गेला. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि ‘सोंगाड्या’ लागला. ही हकीकत पुढं शेकडो वेळा सांगितली गेली. मला त्यात एक गोष्ट मोठी वाटते. ज्यानं पदरचे पैसे लावलेत तो माणूस स्वतः दारोदार फिरला. नट म्हणून त्याला घरी बसता आलं असतं, निर्मात्याला बसता येत नाही. सिनेमा लागला, चालला, गर्दीनं चालला. ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२ला आला, ‘आंधळा मारतो डोळा’ त्र्याहत्तरला.

आणि मग ‘पांडू हवालदार’, १९७५. इथं दादांनी दिग्दर्शनही स्वतःकडं घेतलं. अशोक सराफ लोकांच्या मनात बसले ते याच सिनेमानं. पण वऱ्हाडच्या माणसाला ‘पांडू हवालदार’चं खास प्रेम आहे ते संगीतासाठी. नागपूरचा विजय पाटील नावाचा तरुण आणि त्याचा साथीदार सुरेंद्र, या नवख्या जोडीला दादांनी संगीत दिलं आणि नावही दिलं, राम-लक्ष्मण. पुढच्याच वर्षी सुरेंद्र गेले. विजय पाटलांनी जोडीचं नाव मोडलं नाही, एकट्यानं ‘राम-लक्ष्मण’ म्हणून आयुष्यभर काम केलं. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ची गाणी साऱ्या हिंदुस्थानानं गायली ती त्यांची. २०२१च्या मे महिन्यात ते नागपुरातच वारले. दादांना निर्माता म्हणून माणूस हेरता यायचा, हे सांगायला एवढं एक उदाहरण मला पुरे आहे.

एकदा माणूस हेरला की सोडायचा नाही, हीही त्यांची रीत. ‘कामाक्षी पिक्चर्स’ ही त्यांची संस्था म्हणजे घरच्यासारखा फड. नायिका उषा चव्हाण, गायला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर, संगीत राम-लक्ष्मण, हाताशी बाळ मोहिते. ‘तुमचं आमचं जमलं’, ‘राम राम गंगाराम’, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’, ‘ह्योच नवरा पाहिजे’, सिनेमे बदलले तरी फड तोच. आमच्याकडं तमाशाचे फड असेच चालायचे. ओळखीची माणसं, ओळखीचा ढोलकीवाला आणि मधोमध सोंगाड्या. दादांनी तो सगळा फड उचलून पडद्यावर ठेवला, हिशेबाच्या वहीसकट. नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव झाले, गिनीज बुकात नोंद झाली. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात पंचवीस आठवडे. आमच्या तंबूत तीन दिवस हाच महोत्सव असायचा.

अमेरिकेत चार्ली चॅप्लिननं हेच केलं होतं. ढगळी पँट घालून लोकांना हसवणाऱ्या त्या माणसानं १९१९ला तिघा जोडीदारांबरोबर ‘युनायटेड आर्टिस्ट्स’ ही स्वतःची वितरण कंपनी काढली आणि आपले सिनेमे आपल्याच पैशानं, आपल्याच तब्येतीनं केले. ज्याला खालच्या माणसाला हसवायचंय त्यानं वरच्या माणसाचे पैसे घेऊ नयेत, असं दोघांनाही वाटलं असावं. माझा हा अंदाज आहे. पण चॅप्लिनची पँट आणि नाम्याची चड्डी मला नेहमी एकाच दोरीवर वाळत घातलेली दिसते.

दादांच्या सिनेमाला नावं ठेवणारे तेव्हाही खूप होते. आमच्या शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, तंबूत दिसला तो उन्हात उभा राहील. दुहेरी अर्थाचे संवाद, सेन्सॉरशी भांडणं, सिनेमांची ती नावं. मला वाटतं ज्यांनी नाकं मुरडली त्यांनी खेड्यातल्या बाया एकत्र बसून काय बोलतात ते कधी ऐकलं नसावं. लग्नात व्याह्या-विहिणींची गाणी, होळीच्या रात्रीच्या बोंबा, निंदणाला गेलेल्या बायांची एकमेकींना चिमटे काढणारी बोली, यांत दोन अर्थ नसतात तर चार असतात. माझ्या मायला त्यात वावगं काही दिसलं नाही. तिला दादांचं बोलणं परकं वाटलंच नाही. मात्र हेही खरं, की पुढं पुढं सिनेमाचं नावच सिनेमापेक्षा मोठं व्हायला लागलं. १९८४ नंतरचे त्यांचे हिंदी सिनेमे मी पाहिले आणि मला ते फार पातळ वाटले. हिंदीत नाम्याला माय नव्हती. ‘सोंगाड्या’त प्रत्येक हशाच्या खाली ती कडक बाई उभी होती, म्हणून तो हशा खोल गेला.

ऐंशीच्या दशकात गावात व्हिडिओ आला. गणपतीत, लग्नात, कोणाच्या ओट्यावर भाड्याचा टीव्ही-व्हीसीआर मांडून रात्रभरात तीन-तीन सिनेमे. ऑपरेटर मामा एक साल आले, तंबू अर्धाही भरला नाही. दुसऱ्या साली आले नाहीत. तंबूच्या जागी कोणी काही बांधलं नाही, पण खांबांचे खड्डे मात्र बुजून गेले. फार पुढं, २०१६ला, महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजांवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट कान महोत्सवात गाजल्याची बातमी वाचली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी तो वर्षानुवर्षं जत्रांमागून फिरत केला. बातमीसोबतच्या फोटोत ट्रकमधलं जुनं मशीन होतं. मी तो फोटो कापून ठेवलाय.

दादा गेले १४ मार्च १९९८ला, मुंबईत. मी तेव्हा चिखलीला राहायचो. होळी होऊन एक-दोन दिवस झालेले, सैलानी बाबाच्या यात्रेला निघालेल्या माणसांनी चिखलीचा स्टँड फुललेला. रविवारी सकाळी स्टँडवर पेपर घेतला आणि पहिल्या पानावर ते वाचलं. शेजारी उभ्या म्हाताऱ्यानं, अक्षरओळख नसावी, नुसता फोटो बघून विचारलं, “काय झालं याले?” मी सांगितलं. तो काही बोलला नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि गाडी लागेपर्यंत तशीच हातात धरून उभा राहिला. मी त्या दिवशी मिळेल त्या गाडीनं उंद्रीला आलो. मायला सांगायला दुसरं कोणी जाणार नव्हतं. ती अंगणात तुरीची डाळ निवडत होती. ऐकून म्हणाली, “त्याची माय हाय का?” मी म्हटलं, “नाई, ती केव्हाच गेली असंन.” “बरं झालं,” ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवलं.

माय आता नव्वदीला टेकलीय. ऐकायला कमी येतं, नजर बरी आहे. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या दिवाळीत सगळे घरी जमलेलो असताना नातवानं मोबाइलवर ‘सोंगाड्या’ शोधून काढला आणि फोन तिच्यासमोर तांब्याला टेकवून उभा केला. फोनएवढा तंबू. फिल्मवरच्या त्या उभ्या रेघा तशाच होत्या. ती म्हणाली, “अजून पाऊस हाय का?” आणि पुढं सरकून बसली. नाम्यानं “आये” म्हणून हाक मारली तेव्हा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

अर्ध्या तासानं गावातली रेंज गेली. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं आणि मग तेही थांबलं, फोन काळा झाला. नातू उठून दाराकडं धावला. माय तशीच बसून होती, अंधाऱ्या काचेकडं बघत.

“रीळ बदलून राह्यले काय रे?” तिनं विचारलं.

“हो, माय.”

तिनं ओटीत हात घातला.